गोजाबाईंची खुरपी आणि तळ्याचा काठ

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. जुनी म्हणा, निकामी म्हणू नका. धोंडीबा लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. म्हणून माझी धारही कडक आणि स्वभावही.

माझं सगळं आयुष्य निघोजे गावच्या गोजाबाईंच्या हातात गेलं. भुईमूग खुरपताना आमच्या मागे हरळीची काडी उरत नसे. पुढे शेतांवर कारखाने आले आणि गोजाबाई एका कंपनीच्या बागेत कामाला लागल्या.

कंपनीच्या मागे गावाचं तळं आहे. चार वर्षांपूर्वी सुपरवायझर रणजीत म्हणाला, "मावशी, पाहुणे येणार आहेत. काठ एकदम क्लीन पाहिजे." आम्हाला काय, उपटायची सवयच! पाणकणीस, लव्हाळा, सगळं तण समजून मुळासकट काढलं. रणजीतने फोटो काढले. मीही फुशारले, कबूल करते.

पावसाळ्यात उघड्या काठाची माती तळ्यात घसरली. रस्त्याचं तेलकट पाणी अडवायला कोणी उरलं नाही. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं, मासे मरून वर आले. शेजारच्या सरूबाईंची म्हैस पाण्याला तोंड लावेना.

"गोजे, त्या पाणकणसातूनच पाणी गाळून येत व्हतं," सरूबाई म्हणाल्या. "तू चाळणीच उपटलीस."

मला भयंकर लाज वाटली. गोजाबाईंनी वरच्या ओढ्यातून मुळं आणली आणि दर सुटीला काठावर लावली. मी आयुष्यात पहिल्यांदा लावणीसाठी खड्डे केले. दोन वर्षांत काठ भरला, पाणी निवळू लागलं.

गेल्या सोमवारी रणजीत पुन्हा काठावर आला. "मावशी, हे सगळं गवत काढा. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

गोजाबाईंनी मला त्याच्यापुढे धरलं. "घे, तूच काढ. तण कोणतं ते मला नको शिकवू. एकदा चुकले, आता न्हाई चुकायची."

त्याने मला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी गोजाबाईंसाठी कंपनीचं गेट बंद झालं. पगार गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण तळ्याला गेट नाही. आम्ही काठ राखायला गावाच्या बाजूने रोज उतरतो, आणि आता सरूबाईही पदर खोचून येतात.

मित्रांनो, तुमच्या तळ्याचा काठ कोणी चकचकीत करायला निघालं, तर आडवे या. लावायला मला कधीही न्या. उपटायला नेलंत, तर माझी मूठच तुमच्या हातात निघून येईल, सांगून ठेवते.