लाल केलेलं बटण

गल्लीत सगळे त्यांना मेकॅनिककाका म्हणत. उभा जन्म लोकांचे टीव्ही दुरुस्त करण्यात गेला, आणि आता घरात सोबतीला कोण, तर तो जुना गेमचा डबा! डब्याला पुढून दोन पोर्ट. एकात काकांचा कंट्रोलर, दुसऱ्यात काकूंचा. काकूंना जाऊन वर्ष उलटलं, तरी तो तसाच लावलेला. डबा बिचारा भोळा. क्षणाक्षणाला दोन्ही पोर्टांना विचारतो, कुणी बटण दाबलं का? दुसरीकडून कधीच होकार येत नाही, पण पठ्ठ्या विचारायचं सोडत नाही.

"अरे, किती विचारशील मेल्या!" काका त्याच्यावर खेकसायचे.

खेळायला बसल्या की काकू त्यांची पार दाणादाण उडवायच्या. सगळ्यात जास्त गुण त्यांचेच, म्हणून पडद्यावर वरच्या ओळीत त्यांचं नाव. अंगठ्यानं एकेक अक्षर निवडून स्वतः घातलेलं. काकांना त्या नावाचा पत्ताही ठाऊक होता: डब्यात खोचायच्या गेमच्या कॅसेटमधल्या मेमरी चिपचा अगदी शेवटचा कोपरा. डबा बंद असला की ती चिप नाण्याएवढ्या बॅटरीवर तग धरते. आणि ती बॅटरी आता शेवटच्या घटका मोजत होती. ती संपली की नाव पुसलं जाणार.

"बाबा, स्क्रीनचा फोटो काढून ठेवा ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"फोटो भिंतीवर आहेच की! हे तिनं स्वतः लिहिलंय."

उपाय एकच होता. डबा चालू असेपर्यंत चिपला त्याचीच वीज मिळते. तेवढ्यात जुनी बॅटरी काढून नवी बसवायची. काकांसाठी हा डाव्या हातचा मळ. पण चालू यंत्रात हात घालायची सवय कुठे होती? लग्नानंतर एकदा उघड्या टीव्हीचा झटका बसून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकले गेले होते. त्याच दिवशी काकूंनी टेबलावरच्या बोर्डाचं बटण नेलपॉलिशनं लालभडक केलं. "आधी हे बंद, मग हात आत. माझी शपथ आहे!" त्यानंतर ती शपथ एकदाही मोडली नव्हती.

दुपारी त्यांनी कॅसेट उघडून डब्यात खोचली, डब्याची पिन त्याच टेबलावरच्या बोर्डात लावली आणि डबा चालू केला. "बंद करायचं नाही, बंद करायचं नाही," असं पुटपुटत त्यांनी जुनी बॅटरी अलगद सोडवली. नाव जागच्या जागी! काकांना असा काही आनंद झाला की ते मान वळवून म्हणाले, "बघ, जमलं की नाही?"

खुर्ची रिकामी होती.

काकांनी मान पुन्हा कॅसेटकडे वळवली. त्यांनी नवी बॅटरी उचलली, कॅसेटपाशी नेली, आणि डावा हात आपसूक लाल बटणावर गेला. टक्.

पडदा काळा झाला. काकांनी धावाधाव करून पुन्हा चालू केलं, पण वरची ओळ कोरी होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "झालं का हो बाबा?"

"बॅटरी बसवली."

"आणि आईचं नाव?"

"हात घालायच्या आधी मी बटण बंद केलं गं."

लाल बटण बघतच लहानाची मोठी झालेली ती. तिला सगळं कळलं.

"आयुष्यभर तिचं ऐकलं," काका म्हणाले, "आजच तेवढं ऐकायला नको होतं." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.