हत्तिणीला दिलेली वाकळ

फाल्गुनाचं ऊन तासगावच्या माळावर उतरलं की हिरवं होतं. द्राक्षांच्या मांडवामांडवांतून गळत, पानापानाला विचारत, घडाघडाला गोंजारत ते खाली येतं, आणि जमिनीला टेकेस्तोवर त्याची सगळी धग निवलेली असते. हरितप्रभ, मधुगंधी, मंद मंद. अशा उन्हात माणसानं रागावू नये. पण गिरिजाक्का रागावली होती.

रागावली होती हाही सभ्य शब्द झाला. खरं सांगायचं तर ती जळत होती. आणि जळत होती ती कुणा रूपगर्वितेवर नव्हे, कुणा धनवंतिणीवर नव्हे, तर हत्तीच्या एका पिलावर. चार बायांना शहाणपण शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीला टेकलेल्या बाईनं सातासमुद्रापलीकडच्या सोंडवाल्या पोरीचा हेवा करावा, हे ऐकून कुणाला हसू येईल. येऊ द्यावं. पहिल्या दिवशी तिलाही आलं होतं.

तिची धाकटी बहीण निलांबरी केनियाहून परतली होती. तिथं वर्षभर ती सकाळी एका लहानशा शाळेत मुलांना शिकवी आणि दुपारनंतर पोरक्या हत्तीपिलांच्या छावणीत राबे. पगार नाही, मानपान नाही, नुसती हौस. ती दारात आली तेव्हा अक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, गार बोटं तिच्या डोळ्यांना लावली. पोर रापली होती, वाळली होती, आणि तिच्या नजरेत काहीतरी नवं लकाकत होतं. ते नवं म्हणजे काय, हे अक्काला लवकरच कळलं.

निला बोलायला लागली की तिकडचंच बोले. तिकडची आरक्त माती, तिकडची कंटकधारी झाडं, तिकडचं सुवर्णवर्ण, अथांग, वाऱ्यानं लवलवणारं गवत. तिकडची अनवाणी, गाणारी, धुळीनं माखलेली पोरं. आणि तिकडची तुमैनी. तुमैनी म्हणजे तेच ते पिलू. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर घड पसरणाऱ्या बाया हातचं काम टाकून ऐकत बसत. "आमच्याकडं पोरं गात गातच शाळंत येतात," निला म्हणे. "आमच्याकडं सकाळी धुकं असतंय, हात दिसत न्हाई." ज्या घरात ती रांगली, ज्या उंबऱ्याला अडखळून तिनं पहिला दात पाडला, त्या घरात उभी राहून ही पोर भलत्याच मुलखाला आमच्याकडं म्हणे, आणि अक्काच्या हातातला घड वाळवणाआधीच्या द्रावणात जरा जास्तच वेळ बुडून राही.

मत्सर मोठा चिवट. मिरच्या कांडल्यावर हातांची आग कितीही धुतली तरी जात नाही, तशातली गत. जेवताना जळे, निजताना जळे, निलाच्या तोंडी त्या पिलाचं नाव आलं की नव्यानं जळे. आणि नाव तर घटकेघटकेला येई.

कारण ही पोर अक्काची होती. आई बाळंतपणात गेली तेव्हा गिरिजा सतरा वर्षांची होती, आणि ओलं, आंधळं, आक्रंदणारं एक गाठोडं तिच्या ओटीत आलं. शेळीचं दूध कोमट करून, बोंडल्यात भरून, थेंब थेंब तिनं ते जगवलं. स्थळं आली. तान्ह्या पोरीसकट नवरी कुणालाच नको होती, तेव्हा स्थळं गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मांडीवर पोर निजली आहे आणि झोपेत हसते आहे, एवढ्यावर तिचं भरून पावत होतं.

निलानं फोनवर एक फोटो दाखवला होता. तुमैनीची धूसर, सुरकुतलेली, केसाळ सोंड तिच्या गळ्याभोवती, आणि निलाचे डोळे मिटलेले. ते डोळे अक्काच्या ओळखीचे होते. लहानपणी कुशीत शिरताना निला असेच डोळे मिटी. ते मिटणं आपल्या एकटीचं आहे, असं अक्का इतकी वर्षं धरून चालली होती. बायांनी फोटोचं कौतुक केलं. अक्का म्हणाली, ऊन कलतंय, कामाला लागा.

आज दुपारी धुण्यासाठी तिनं निलाची मोठी बॅग उपसली. खाकी कपडे निघाले, मण्यांच्या माळा निघाल्या, पोरांनी काढलेली चित्रं निघाली. वाकळ निघाली नाही. अक्कानं बॅग उलटी करून झटकली. आईची ठेवणीतली दोन पातळं आणि आपलं एक जुनं इरकल घालून, परक्या देशात पोरीला थंडी बाधू नये म्हणून, टाका टाका घालत तिनं ती वाकळ शिवली होती.

"वाकळ कुठाय गं?"

निला चित्रं गोळा करत होती. ती थांबली. "तिकडंच ठिवली, अक्का. तुमैनीला."

 धुणं तसंच टाकून अक्का शेडकडे निघून गेली आणि एका पालथ्या क्रेटवर जाऊन बसली. बाया घरी गेल्या होत्या. जाळ्याजाळ्यांवर घडांचे थर पसरले होते. वरचे अजून पाचूचे, खालचे पिवळसर, अगदी तळचे सोनेरी, सुरकुतलेले, साखरलेले. सगळीकडे दाट, गोड, आंबूस वास. एरवी त्या वासानं तिचा शीण उतरायचा. आज उतरेना.

निला मागोमाग आली. "ऐक तरी. ती दूधच घेत नव्हती. आईच्या पोटाला सोंड टेकल्याबिगर पिलू पीत न्हाई. म्हणून तिथं घोंगड्या टांगतात, त्येच्यामागनं बाटली धरतात. हिनं एकबी घोंगडी मानली न्हाई. मरायला टेकली हुती. मग तुझी वाकळ टांगली."

"मग?"

"मग प्याली."

दुसरी कुणी असती तर इथं विरघळली असती. अक्का विरघळली नाही. तिचा मत्सर उलट दुणावला. आता तर मुद्दलही गेलं आणि व्याजही.

"म्हंजे माझ्या वासावर दूध प्यायची," ती म्हणाली, "आन् गळा तुझा धरायची."

निलाला हसू आलं, पण अक्काचा चेहरा बघून ते विरलं.

"परत जाणार हाईस?" आठवडाभर जिभेवर धरून ठेवलेला प्रश्न अक्कानं अखेर टाकला.

"दिवाळी झाली की." निला खोटं बोलत नसे, हेही तिला अक्कानंच शिकवलं होतं. मग समजूत घालायची म्हणून ती म्हणाली, "अगं, ती काय माझी एकटीची न्हाई. तिथं एका पिलापाशी रोज एकच माणूस निजत न्हाई. आलटून पालटून निजतात. एकाचीच सवय लागली आन् तो निघून गेला, तर पिलू खाणंपिणं सोडतं. म्हणून तसा नेमच हाय."

वारा पडला होता. जाळ्यांखाली एक वाळलेला मणी टपकला.

"आपल्यात कोण हुतं गं," अक्का म्हणाली, "आलटून पालटून निजायला?"

निलानं वाकून तो मणी उचलला.

"तू गेलीस तवा म्या चूल पेटवली न्हाई. शेजारच्या बाया इचारायच्या, जेवलीस का. मी म्हणायची, जेवली." अक्काचा आवाज कोरडाच होता. "माझ्यासाठनं कुणी काय टांगलं न्हाई."

पोरक्या पिलांना जगवायला समुद्र ओलांडून गेलेल्या त्या पोरीला, घरी कोण उपाशी राहिलं हे आज कळत होतं.  तिनं क्षमा मागितली नाही. ती क्रेटपाशी गेली, अक्काच्या अगदी कडेला उभी राहिली, आणि अक्काचं ते करडं, कधी कुणाच्या खांद्याला न टेकलेलं डोकं तिनं आपल्या पोटाशी ओढून घेतलं. अक्का आधी ताठ राहिली, मग थोडी कमी ताठ.

"त्या हत्तिणीला असंच धरायचीस?" पोटाशी दबलेला आवाज आला.

"असंच."

"मग नको मला."

पण मान तिनं काढून घेतली नाही. मावळतीचा वारा उठला, जाळ्याजाळ्यांतून गोड होत होत आला, आणि अक्का तशीच बसून राहिली. जळत होती आणि टेकली होती. टेकली होती आणि जळत होती.