माणकाच्या खाणीपाशी

माणिक म्हटलं की लोकांना अंगठी आठवते. मला ओल्या मातीचा वास येतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली माझं लग्न झालं. पुढे हातमागावर भागेना, तेव्हा माझा नवरा अंकुश आंधळगाव सोडून डोंगरातल्या एका खाणीत माणिक खणायला गेला. पावसाळ्यात खाण खचली. प्रेत मिळालंच नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, तेराव्याचं उरका, असं सगळे सांगत होते. पण माझ्या सासूबाई, जानकीबाई, ऐकतील तर शप्पथ! "कुठं बाहेरगावी गेला असंन," एवढंच पालुपद. मी कुंकू लावलं की खूश, पुसलं की जेवायच्या नाहीत. मी सवाशीण की विधवा, हेच त्यांच्या हट्टापायी ठरेना. शेवटी मीच म्हटलं, चला, एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.

एसटीतून उतरलो तर टिकाराम उभा होता. तो अंकुशबरोबर खणायचा. त्या दिवशी तापानं घरी पडला म्हणून वाचला. दरीतल्या खाणीची वाट तोच दाखवणार होता. उतरताना सासूबाई सारख्या बसायच्या.

"चला लवकर, आई," मी खेकसले. "तिथं तुमचा लेक चहा ठेवून बसला नाही."

टिकारामनं माझ्याकडे पाहिलं. पाहू दे.

खाण कसली, गढूळ पाण्यानं भरलेला खड्डा. काठावर तांबडे खडे पडले होते, कुणी उचललेही नव्हते.

"इथंच?" सासूबाईंनी विचारलं.

"इथंच, मावशी."

त्या खाली बसल्या. पिशवीतून एक घडी काढली. मी लगेच ओळखलं. अंकुशच्या मागावरचं अर्धं लुगडं. जाताना "आल्यावर पुरं करतो" म्हणाला होता, म्हणून आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता. ते त्यांनी कापून आणलं होतं.

"पुतळ्यावर हेच टाकजो, पोरी. लेकरू माहं उघडंच गेलं," त्या म्हणाल्या. "मले तवाच समजलं होतं. तुह्यं कुंकू पुसाले जीव होत नोहता, म्हणून चूप होती. आता तूच म्हणतं, त होऊन जाऊ दे."

मी ते लुगडं त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"कापलं कायले, आई? तो आला त पुरं कसं करन?"

ओरडल्यावर कळलं, इतके महिने घरात त्याची वाट मी एकटीच पाहत होते.