मागच्या स्पीकरांतला आवाज

जहांआराचाचींच्या माजघरात मी पाच स्पीकर बसवत होतो, तेव्हा कुवेतहून हा सेट आणणारे त्यांचे भाऊ रमजानमामू खुर्चीतून हुकूम सोडत होते.

"मागचे दोन जरा वर घे रे विपुल. कबुतरं बसवल्यासारखे दिसू देत."

"पाच तोंडं आणलीस घरात," चाची म्हणाल्या. "तुझं एकच पुरे होतं."

मी हसलो. महाडच्या त्या आळीत मी शेजारचा अबोल मुलगा. यंत्रांशी मात्र माझे बरे जमे.

चाचींना गाणी नको होती. त्यांना उबेदची नवी कॅसेट ऐकायची होती. त्यांचा मुलगा उबेद दीड वर्षापूर्वी शारजाला गेला. तेव्हापासून तो पत्राऐवजी बोलून भरलेली कॅसेट पाठवी. कोणी सुटीवर परतला की त्याच्याकडून ती आपल्याला मिळते, असे त्याचा मित्र इरशाद सांगे आणि घरी आणून देई. चाची ती आपल्या एका स्पीकरच्या जुन्या टेपवर ऐकत.

आज उबेद समोरच्या स्पीकरमधून बोलू लागला. "अम्मी, मी मजेत हाय. इथं उकाडा लय हाय, पण खोलीत एसी हाय."

चाचींनी पदराने डोळे टिपले. आणि मग आमच्या पाठीमागे, भिंतीतून यावी तशी, एक घोषणा उमटली. पुसट, पण शब्द न् शब्द कळणारी.

"महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. पोलादपूरहून चढणाऱ्या प्रवाशांनी..."

काय झाले ते माझ्या ध्यानात आले. हा सेट डाव्या-उजव्या बाजूंत सारखा असेल तो आवाज पुढे धाडतो आणि वेगळा असेल तो मागे. उबेदने दोन माइकच्या टेपवर कॅसेट भरली असणार. तोंडाजवळचा त्याचा आवाज पुढे राहिला; खिडकीबाहेरचे सारे जग मागे येऊन उभे राहिले. जुन्या टेपने ते आजवर गिळून टाकले होते.

मी मागच्या स्पीकरांच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढ," चाची म्हणाल्या. त्या मागे वळल्या होत्या. समोर मुलगा शारजाच्या समुद्राचे वर्णन करत होता आणि त्या मागच्या भिंतीकडे पाहत कंडक्टरची शिट्टी ऐकत होत्या.

रमजानमामू पुटपुटले, "रेडिओ घुसला असेल मध्येच."

"रमजान, गप बस. विपुल, चल माझ्यासंगं."

आम्ही पोलादपूरची एसटी धरली. सावित्री नदी खिडकीतून दिसत होती, लपत होती. माझ्या कानांत मात्र अजून ती घोषणाच घुमत होती. घोषणा ऐकू येईल अशा जागा धुंडाळत गेलो, तर स्थानकामागच्या पंक्चरच्या दुकानात उबेद ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. गिऱ्हाइकाशी तो त्याच खुशालीच्या सुरात बोलत होता. मान वर करताच तो सूर तुटला.

"अम्मी... एजंट मुंबईतच पळाला. कुठल्या तोंडानं घरी येणार होतो?"

"एजंटानं तुला फसवलं," चाची हळूच म्हणाल्या. "मला कोणी फसवलं रे?"

उबेदच्या हातातली ट्यूब तशीच राहिली. तिचे पाणी त्याच्या पायांवर टपकत होते आणि ती खाली ठेवायचे त्याला सुचत नव्हते.