दोनच तारा

“अहो, भरल्या ताटावरून काय उठता?” बायको ओरडली.

मिस्त्रीला ऐकूच आलं नाही. त्यानं हत्यारांची पिशवी जमिनीवर उलटी केली. पक्कड, टेस्टर, चिंध्या आणि लाल तारा. दोनच. पिशवी झटकली, खिसे चाचपले. तरी दोनच.

“एवढ्याशा तारेसाठी जेवण टाकता? मी देते शोधून.”

तिला काय सांगणार, कपाळ? दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. दुरुस्तीच्या वेळी मिस्त्री लोक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत एक तार जोडून लिफ्टला फसवतात, की बाई, दार बंद आहे, चल. काम झालं की तार काढायची. सव्वीस वर्षं तो तीन तारा नेत होता आणि मोजून तीन परत आणत होता. आज सकाळी मेल्या ऑफिसनं फोन करकरून भंडावलं, ‘आटप, दुसरीकडे माणसं अडकलीत!’ आणि यानं इमारतीच्या वहीत ‘लिफ्ट सुरक्षित’ लिहून सही ठोकली. तार वरच राहिली. आता त्या इमारतीत कुणाचा एक पाय आत, एक बाहेर असतानाही लिफ्ट सुटू शकत होती.

त्यानं तिथल्या वॉचमनला फोन लावला; तो वाजून वाजून बंद झाला. मग ऑफिसातल्या साहेबाला लावला.

“सही केलीस ना?” साहेब म्हणाला. “मग बोंबलू नकोस. संध्याकाळी जा, गुपचूप काढून ये.”

“साहेब, माणसं राहतात तिथं.”

“बभ्रा झाला तर कंत्राट जाईल. आणि तूही घरी बसशील, सांगून ठेवतो.”

त्यानं तशीच स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलला त्याला सकाळी भेटलेली चौथ्या मजल्यावरची आजी दिसे, लिफ्टमध्ये काठी आधी आत टाकणारी. देवा, आज तिला घरातच बसव रे बाबा! खोटं कशाला सांगा, एकदा वाटलं, परत फिरावं. व्हायचं ते होऊन गेलं असेल, तर निदान डोळ्यांनी बघावं लागणार नाही. पण स्कूटर काही वळली नाही.

फाटकाशी गर्दी. त्याची पाचावर धारण बसली. मग टेम्पो दिसला, गाद्या दिसल्या. कुणीतरी घर बदलत होतं. खाली लिफ्टपाशी एक हमाल बटणावर बोट ठेवून वर ओरडत होता, “घेऊ का खाली?”

“थांब! कपाट अडकलंय दारात!” वरून आवाज आला.

“काय? घेऊ?”

मिस्त्री मीटरच्या खोलीत धावला आणि लिफ्टची वीज तोडणारा मोठा खटका खाली ओढला.

चार मजले तो कसा चढला, त्याचं त्यालाच ठाऊक. वर एक थोराड हमाल कपाटाला पाठ लावून उभा होता. एक पाय आत, एक बाहेर.

मागून वॉचमन धापा टाकत आला. “बरं झालं आलात, मिस्त्री. हे लोक दार उघडं टाकून लिफ्ट वापरतात, काही झालं असतं म्हणजे?”

पळवाट आयती चालून आली होती.

“त्यांची चूक नाही. माझी आहे. वही आणा.”

गच्चीवर जाऊन त्यानं तार काढली. सकाळच्या सहीखाली लिहिलं, ‘तार काढायची राहिली. चूक माझी.’ पुन्हा सही केली. मग हमालासमोर उभा राहून त्यालाही सगळं सांगितलं.

हमाल आपल्या पायाकडे बघतच राहिला. मग पायरीवर बसला. आता हा हात उगारणार, असं मिस्त्रीला वाटलं. तरी मिस्त्री जागचा हलला नाही.

“तीन पोरं आहेत माझी,” हमाल म्हणाला. त्यानं तोंड पुसलं. “तार काढलीत ना? मग करा चालू.”

“माझ्या सहीवर आज नाही चालायची. दुसरा माणूस तपासेल, मगच.”

“आणि हे कपाट?”

मिस्त्रीनं बाह्या सारल्या आणि कपाटाची खालची बाजू धरली, जिन्यात सगळा भार येतो ती.

“उचला,” तो म्हणाला.

पहिल्याच वळणावर वरून हमालाचा आवाज आला, “मिस्त्री, दम लागला तर सांगा. टेकवू.”