ह्यांचा आठवडा मी मांडते

गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी दर रविवारी दुपारी मी फ्रेमवाल्यांच्या कारखान्यात जाते आणि तिथल्या माणसांत बसून सात अल्बमबद्दल बोलते. गाढवाला गुळाची चव काय, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. गाढव दमलंय, त्याला वाद घालायचा नाही.

मंडळ खरं ह्यांचं. आमचे हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डी ऐकत आले. मंडळात चौघं: हे, चित्रांना चौकटी करून देणारे फ्रेमवाले, दातांचा दवाखाना चालवणाऱ्या दातवाल्या बाई, आणि बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले क्रेनवाले. त्यांची एक रीत आहे, तिला ते 'आठवडा मांडणं' म्हणतात. रोज एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, रेकॉर्ड उलटायला तेवढं उठायचं. आज पितळी बँड ऐकला तर उद्या नुसता पियानो, परवा कुठल्या तरी बेटावरच्या बायकांची गाणी. आठवड्यात एका जातीचं दोनदा नाही. रविवारी ते सगळं मंडळापुढे मांडायचं. त्यातही 'छान', 'भिकार' असलं काही बोलायचं नाही. ऐकताना काय झालं, तेवढंच सांगायचं. दातवाल्या बाईंना एकदा कुठल्याशा वाद्यवृंदाच्या दुसऱ्या बाजूला शाळेतल्या ओल्या डस्टरचा वास आला होता. ती गोष्ट हे घरी येऊन मला इतक्या कौतुकानं सांगत बसले की मी म्हटलं, तुम्हा लोकांना दुसरा काही उद्योग नाही का.

गेल्या वर्षी ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात तिघंही पिशवीभर रेकॉर्डी घेऊन दारात हजर. "वहिनी, तुम्ही फक्त लावायच्या," फ्रेमवाले म्हणाले, "आणि काय झालं ते रविवारी येऊन सांगायचं. त्याची खुर्ची आम्ही रिकामी ठेवणार नाही." सुई कशी ठेवायची, रेकॉर्ड कडेनं कशी धरायची, हे त्यांनीच शिकवलं. मी हो म्हटलं ते संगीताच्या प्रेमानं नव्हे. रविवारी तासभर घराबाहेर पडायला मिळणार होतं म्हणून. तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या मावशी ह्यांच्याजवळ बसतात, लोकर घेऊन येतात आणि झोपतात.

बाकीचा आठवडा कसा जातो ते कुणाला सांगू? उठवा, पुसा, कूस बदला, भरवा, सांडलेलं टिपा, चादर बदला, पुन्हा कूस बदला. जीव नुसता मेटाकुटीला आला. ज्याचं जळतं त्याला कळतं. बोलायला एक ताई होती, माझी थोरली बहीण, तीही फोनवर. ह्यांच्या उशाशी बसूनच मी तिच्याशी बोलायची, कारण उठून दुसऱ्या खोलीत जाण्याचंही त्राण नसायचं. आणि ऐकणार कोण होतं? डॉक्टरांनी सांगितलंच होतं की ह्यांना किती कळतं याचा अंदाज येत नाही. 'हात वर करा', 'ही पेन्सिल आहे का', असं ते विचारत आणि हे भिंतीकडे तोंड फिरवत. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना काही कळत नाही, मनाची तयारी कर." मीही मान हलवली. जन्मभर कुणी शाळेतल्या पोरासारखं काही विचारलं की हे असंच तोंड फिरवत आलेत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

मुलानं एक शुश्रूषागृह बघितलं होतं. स्वच्छ आहे, नर्सा आहेत, खोलीत दोन माणसं. रेकॉर्डींना अर्थातच जागा नाही. "सोमवारी जागा रिकामी होतेय, तू फक्त हो म्हण," तो आठवडाभर म्हणत होता. मी ना हो म्हणत होते, ना नाही.

त्या आठवड्याची पिशवी क्रेनवाल्यांनी भरली होती. सोमवारी अकॉर्डियन लागलं. हे डोळे मिटून पडले, मी भांडी घासली. मंगळवारी कुणा खाणकामगारांचा समूह गात होता, मी चादरींना इस्त्री केली. बुधवारी अल्बमभर नुसते ढोल. त्याला खालच्या मावशींनी छताला झाडूचा दांडा ठोकून साथ दिली आणि ह्यांच्या तोंडाचा डावा कोपरा जरासा हलला. ते हसणं असेल असं मला वाटलं नाही.

गुरुवारच्या रेकॉर्डीच्या कव्हरावर एक रिकामी खुर्ची होती आणि न वाचता येणारी लिपी. सुई टेकवली आणि एका पुरुषाचा आवाज आला. जड, खोल, जिना चढून आलेल्या माणसासारखा. एकेक शब्द उचलून ठेवत होता बिचारा. वाद्यंही त्याच्यामागून पाय ओढत चाललेली. माझ्या हातात ओला टॉवेल होता, तो तसाच धरून मी स्टुलावर बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आवडलं. हा माणूस माझ्याइतका दमलाय, असं वाटलं, आणि तरी गातोय.

तेवढ्यात ह्यांनी सुरू केलं. डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायची, टक, टक, टक. मी बघितलं, कपडे ओले नव्हते. पाणी दिलं, नको. कूस बदलली, तरी तेच. आवाज कमी केला तर आणखी जोरात. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"अहो, जन्मभर तुमच्या आवडीचं ऐकलं," मी म्हटलं. "आज एक दिवस मला काहीतरी आवडलंय. तेवढं तरी ऐकू द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. आणि आपटत राहिले. मी हट्टानं दुसरी बाजूही लावली. ते दुसऱ्या बाजूलाही आपटतच राहिले आणि सुई उचलली तेव्हाच थांबले. मनात आलं, बघा, आता हे नवीन सुरू झालं. उद्या हात उगारतील, परवा आणखी काही. दुपारी मुलाला फोन केला. "सोमवारी गाडी पाठव," म्हटलं. मग ताईला लावला आणि खूप रडले. "हे सुटले तर बरं गं," मी तिला म्हटलं, "त्यांचीही सुटका आणि माझीही." ह्यांच्या उशाशी बसूनच.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार सकाळचे अल्बम मी लावले, पण काही ऐकलं नाही. हेही भिंतीकडे तोंड करून पडून होते.

रविवारी मनाशी ठरवून निघाले. ह्यांचा आठवडा मांडायचा आणि मग सांगून टाकायचं, की हा शेवटचा. रेकॉर्डी येऊन घेऊन जा. कारखान्यात सरसाचा वास होता. फ्रेमवाल्यांनी चहा केला आणि नेहमीप्रमाणे लाकडाचा भुसा माझ्या कपातही पडला. दातवाल्या बाईंनी आधी मांडलं, मग क्रेनवाल्यांनी. ते एका जुन्या नाचाच्या अल्बमला उभ्या उभ्या पाय हलवायला गेले आणि कमरेत उसण भरली, असं झालं म्हणे. मग माझी पाळी आली.

मी सोमवार सांगितला, मंगळवार, बुधवार. झाडूच्या दांड्याला सगळे हसले. गुरुवारला आले.

"त्या रिकाम्या खुर्चीवाल्या अल्बमचा गायक मला फार आवडला," मी म्हटलं. आवडलं म्हणायचं नसतं हे आठवलं, पण शेवटचाच दिवस होता. "दमलेला माणूस आहे. त्याचं ऐकून मी पहिल्यांदा खाली बसले. ह्यांनी मात्र ऐकू दिलं नाही. पूर्ण वेळ कठड्यावर अंगठी आपटत होते."

क्रेनवाल्यांनी कप खाली ठेवला. "कुठला गायक, वहिनी?"

"खुर्चीवाला."

"ती बाई आहे. चांगली टणटणीत बाई. लग्नघर असावं तसा गोंधळ आहे त्या अल्बममध्ये."

"मी अख्खा ऐकलाय," मी म्हटलं. "पुरुष आहे, आणि हळूहळू गातो."

ते तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग क्रेनवाल्यांनी कपाळावर हात मारला. "पंचेचाळीस," ते म्हणाले. "अहो वहिनी, प्लेअरला पुढे वेगाचा एक खटका असतो. मोठ्या रेकॉर्डी तेहतीसवर फिरवायच्या असतात, तुमच्या घरच्या सगळ्या तशाच आहेत. ही एक पंचेचाळीसवर फिरवायची होती. तेहतीसवर ठेवलीत की बाईचा बाप्या होतो आणि लग्नाची वरात रडायला लागते. मी सांगितलंच नाही तुम्हाला. त्याच्या घरी रेकॉर्ड द्यायची तर असलं काही कधी सांगावं लागलं नाही, म्हणून सुचलंच नाही."

मला आधी लाजच वाटली. एक गायक आवडला, तोही नव्हताच. कशात काय अन् फाटक्यात पाय.

पण दातवाल्या बाई हसत नव्हत्या. रुग्णाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एरवी आपटतात का?"

"नाही."

"ढोलांच्या वेळी?"

"नाही. गुरुवारीच."

"थांबले कधी?"

"सुई उचलली तेव्हा," मी म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

 फ्रेमवाल्यांनी हातातला सरसाचा ब्रश पाण्यात ठेवला. "वहिनी," ते हलकेच म्हणाले, "तो तुम्हाला सांगत होता. स्पीड चुकलाय म्हणून."

क्रेनवाले तोंड फिरवून खिशात रुमाल शोधायला लागले. त्यांना आनंद झाला होता, तिघांनाही झाला होता. त्यांचा माणूस आत जागा होता. मलाही आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगते, मला भीती वाटली.  ज्या माणसाला एका परक्या बाईचा आवाज चुकलाय हे कळतं, त्याला घरच्या बाईचं बोलणं कळत नाही असं कसं धरून चालू? माझ्या डोळ्यांपुढे तो फोन आला, ताईशी बोललेला. आणि त्याच्या आधीचे सगळे.

रेकॉर्डी घेऊन जा, हे सांगायचं राहूनच गेलं.

घरी आले तर मावशी खुर्चीत घोरत होत्या. त्यांना उठवून खाली धाडलं. हे भिंतीकडे तोंड करून. मी खुर्चीवाली रेकॉर्ड काढली, ठेवली, आणि पुढचा खटका शोधून पंचेचाळीसवर केला. खोलीत एकदम एक बाई गायला लागली. धीट, खणखणीत, मागे टाळ्या आणि वाजंत्री. मला ती जराही आवडली नाही.

ह्यांनी मान वळवली. डावा हात कठड्यावर होता, तो तिथेच निवांत पडला. डोळे मिटले. माझ्या नवऱ्याचा तो चेहरा मला चांगला माहीत होता. सुट्टीच्या दिवशी प्लेअरजवळ बसायचे तेव्हाचा. एक बाजू पडलेली होती, एवढाच फरक.

फोन वाजला. मुलगा होता.

"आई, उद्या गाडी सकाळीच पाठवतो."

"नको पाठवूस."

"म्हणजे? आता काय झालं?"

"बाबांना विचारलेलं नाही."

"आई, त्यांना काय विचारणार? त्यांना—"

"त्यांना ऐकू येतं," मी म्हटलं. "समजतंही. तूही जरा जपून बोलत जा."

 तो म्हणाला, "पण तुला झेपणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही झेपणार. उद्या ये, तिघं मिळून बोलू." आणि फोन ठेवला.

ह्यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते. मी स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. इतके महिने ज्या जागी बसून ताईला सांगितलं, तीच जागा.

"गुरुवारी ताईला म्हटलं ते तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं नाही. मला वाटलं होतं फिरवतील, फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

"मी फार थकले हो," मी म्हटलं. ताईला शंभरदा सांगितलं असेल, ह्यांना पहिल्यांदाच सांगत होते. "तुमचा राग नाही. पण पार थकून गेलेय. त्या मेल्या गाणाऱ्यात मला माझं दुखणं ऐकू आलं, तर तोही खोटा निघाला."

त्यांचा डावा हात उठला. कठड्यावर आपटेल म्हणून मी अंग चोरलं. पण तो प्लेअरकडे गेला, बोट पुढे करून. मला वाटलं, आवाज वाढवायचा असेल. वाढवला. हात हललाच नाही. मग वाटलं, बंद कर म्हणतात. सुईला हात घातला, तर त्यांनी मान हलवली, नाही. बोट खटक्याकडे होतं. मग त्यांनी तळहात उताणा केला आणि सावकाश खाली आणला. खाली, आणखी खाली. लिफ्ट तळमजल्याला कशी टेकते, ते हे घरात सगळ्यांना असंच करून दाखवायचे.

मी खटका मागे घेतला. बाईचा आवाज घसरत घसरत उतरला, जड झाला, आणि माझा तो दमलेला माणूस परत गायला लागला, चुकीच्या स्पीडवर, एकेक शब्द उचलून ठेवत.

ह्यांच्या कपाळावर आठी पडली. दात दुखल्यासारखं तोंड केलं. पण हात कठड्यापर्यंत गेला नाही. तो माझ्या मांडीवर येऊन पडला आणि ती बाजू संपेपर्यंत तिथेच राहिला.