माझी शेवटची दोन पानं

‘पुस्तक घरी चालून आलं, तं त्याले नाही म्हनाचं नाही. कसं हाय, कोनाचं हाय, किती फाटलं हाय, हे इचाराचं नाही.’

उकंडरावांच्या घरातला हा नियम. घरातल्या पोरांना तो पाढ्यांसारखा पाठ होता, आणि पाढ्यांसारखाच तो का आहे हे कोणी विचारायचं नव्हतं. मी या घरात आले त्या दिवशी उंबऱ्यातच हा नियम माझ्या कानावर पडला आणि मला राग आला. मी फाटलेली नव्हते. ‘कसं हाय’ असं माझ्याबद्दल कोणी विचारलं असतं, तर मला हवंच होतं.

मी एक चित्रकथा बोलतेय. ‘चंपा नावाडीण’ हे माझं नाव. मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. आधी पिवळा रंग चढला, मग लाल, मग निळा. तोवर मी नुसते डागच डाग होते. शेवटी काळा रंग चढला आणि माझ्यातल्या माणसांना डोळे आले. पाठीत दोन पिना बसल्या, कडा कापल्या गेल्या, आणि गुळगुळीत कव्हराची मी गठ्ठ्यात बांधून निघाले. रेल्वेने अकोला, तिथून एसटीच्या टपावर बसून कारंजा.

कारंज्याच्या स्टँडवरच्या टपरीत मला सुतळीला चिमटा लावून टांगलं होतं. खाली फुटाण्याची गाडी, समोर मंगरूळपीरची गाडी. वाऱ्याने मी हलायचे आणि येणारे-जाणारे वर बघायचे. स्वतःच्या रूपाचा मला फार अभिमान होता, तो लपवत नाही.

सन चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तिथे एक मुलगी आली. कॉलेजात जाणारी, खांद्याला पिशवी, चालणं असं की समोरच्याने बाजूला व्हावं. तिची नजर माझ्यावर पडली आणि ती जागीच थांबली. टपरीवाल्याने मला काढून तिच्या हातात दिलं. माझी पानं आनंदाने फुलली. आता ही कव्हर बघेल, पहिलं पान उघडेल, नदी बघेल, नदीच्या पाण्यात निळ्या रंगाच्या किती छटा आहेत ते बघेल.

तिने मला उलटी धरली आणि सरळ शेवटची दोन पानं उघडली. उभ्या उभ्या ती दोन पानं वाचली आणि स्टँडवरच्या गर्दीत मोठ्याने हसली.

‘दोर तिनंच कापला व माय,’ ती स्वतःशीच म्हणाली. पैसे देऊन तिने मला पिशवीत टाकलं. पहिलं पान तिने उघडलंच नाही.

ही भागिरथा. शेलूबाजारच्या अलीकडच्या गावात राहणारी, गावातल्या बौद्ध वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. वडील दौलतराव एसटीत कंडक्टर, आई लिलाबाई, आणि घरातले कर्ते तिचे मोठेबाबा, म्हणजे दौलतरावांचे थोरले भाऊ उकंडराव.

माझ्याशी ती अशी का वागली, हे घरी पोचल्यावर कळलं. तिच्या उशाशी मीच होते. म्हणजे माझंच नाव, माझीच चंपा, माझीच नदी. पण कव्हर नाही, कोपरे उंदराने खाल्ल्यासारखे, आणि शेवटची दोन पानं गायब. दौलतरावांना ती सात-आठ वर्षांपूर्वी गाडीतल्या मागच्या बाकाखाली सापडली होती. कोणी मागायला आलं नाही, म्हणून त्यांनी ती लेकीसाठी आणली. घरात आलेली पहिली चित्रकथा. नियमाप्रमाणे किती फाटली आहे हे कोणी विचारलं नाही.

जुनीची गोष्ट भोवऱ्यात संपते. राजाने चंपाची नाव काठाला दोराने बांधली आहे, नाव भोवऱ्यात सापडली आहे, चंपाने हात वर उचलला आहे, आणि पुढे नुसती पिन. भागिरथा सात-आठ वर्षं त्या भोवऱ्यात फिरत होती. वस्तीतल्या पोरांना ती गोष्ट सांगायची तेव्हा शेवट स्वतःच रचायची. कधी मगर यायची, कधी राजालाच दया यायची. पोरं विचारायची, खरं काय झालं? तिला ते माहीत नसायचं आणि तिचा चेहरा पडायचा.

म्हणून मी. त्याआधीचं सगळं तिला पाठ होतं. तिला माझी फक्त शेवटची दोन पानं हवी होती.

तिने मला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पेटीत माझ्यासारख्याच आणखी थोड्या होत्या. सगळ्या अखंड, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुऱ्या. फाटकं पुस्तक तिने पुन्हा कधी विकत घेतलं नाही. चार महिने थांबीन पण पुरंच घेईन, हे तिचं ठरलेलं. सगळ्यांसोबत डांबराच्या गोळ्या. माझ्या रंगांना त्या गोळ्यांचा वास लागला, आणि जुनीला कशाचा वास येत होता, सांगू? भाकरीचा. चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या धुराचा. भागिरथेच्या केसांतल्या तेलाचा. तिच्या नवव्या पानावर हळदीचं बोट होतं. पाठ सुटली तेव्हा लिलाबाईंनी कणकेच्या खळीने ती चिकटवली आणि वरून गोधडीच्या दोऱ्याने टाके घातले. माझ्या पिनांना कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

मी जळत होते. पेटीच्या फटीतून बघत बघत जळत होते. भागिरथा कॉलेजातून दमून यायची, वडीलधाऱ्यांशी एखादा वाद घालायची, आणि मग जुनीला छातीवर घेऊन आडवी व्हायची. पान उलटायची. भोवऱ्यापर्यंत आली की डोळे मिटायची आणि शेवटचं मनातल्या मनात बोलायची. ते शेवटचं माझं होतं! माझ्याकडून घेतलेलं, आणि तिच्या अंगावर बसवलेलं. ज्यांना मोठ्या बहिणीचे लाड बघत कोपऱ्यात बसावं लागलं असेल, त्यांना माझं दुःख कळेल.

मग वसंतात कपाट आलं.

वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली बांधली होती. तिथे वाचनालय करायचं उकंडरावांनी मनावर घेतलं. वर्गणी काढून त्यांनी अकोल्याहून काचेच्या दारांचं लोखंडी कपाट आणलं. चौदा एप्रिलला उद्घाटन, तालुक्याहून साहेब येणार, फोटो निघणार. कपाट आलं तेव्हा सगळी वस्ती बघायला लोटली. वरच्या फळीवर जाडजूड ग्रंथ बसले, फळी शोभली. खालच्या तीन फळ्या मात्र पोरांच्या पुस्तकांसाठी, आणि त्या रिकाम्या. भागिरथेने आपल्या पेटीतल्या सगळ्या चित्रकथा द्यायचं कबूल केलं. उभ्या केल्या तर चार बोटं जागा व्यापली. आम्हाला कणा नसतो. उभ्या राहिलो की आम्ही दिसतच नाही.

उकंडरावांना ते रिकामं कपाट सोसेना. ते कारंज्याला गेले आणि रतनसिंग नावाच्या रद्दीवाल्याला भेटले. रतनसिंगाकडे बिनकव्हरच्या, अर्ध्या-मुर्ध्या चित्रकथांचा ढीग पडून होता, त्या कोणी घेत नव्हतं. अखंड, कव्हरवाल्या मात्र हातोहात जायच्या. सौदा सोपा होता. भागिरथेच्या पेटीतल्या सगळ्या त्याला द्यायच्या आणि बदल्यात पोतंभर घ्यायच्या. रतनसिंगाने विश्वासावर पोतं आधीच देऊन टाकलं. फाटलं किती, हे उकंडरावांनी अर्थातच विचारलं नाही.

रविवारी सकाळी अंगणात पोतं ओतलं. वाचनालयाच्या कमिटीतले भिवाजीबुवा आले, आणखी दोघं-तिघं आले, चहा झाला. उकंडरावांनी पेटी बाहेर आणायला लावली. वर्तमानपत्राचं कव्हर काढून मला बाजेवर ठेवलं. किती दिवसांनी ऊन अंगावर पडलं!

खरं सांगते, मला जायचं होतं. जाऊ दे, राहू दे तिला तिच्या जुनीपाशी. कारंज्याला मला कोणी तरी पहिल्या पानापासून वाचेल. भागिरथेची चूक तिच्या लक्षात येईल, ती पेटी उघडेल आणि मी नसेन. हा विचार मला फार गोड वाटत होता.

उकंडराव खुशीत होते. म्हणाले, ‘तीनही फळ्या गच्च भरतीन. साहेब पाह्यतच राहीन. आन भागिरथे, ते तुही जुनी आन. ते याच्यातच शोभते.’

भागिरथेने जुनी आणली नाही. ती ढिगापाशी बसली आणि एकेक पुस्तक उचलून त्याचं शेवटचं पान वाचायला लागली.

‘वाघानं झेप घेतली आणि,’ तिने वाचलं, आणि पुस्तक बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. ‘दरवाजा उघडला, तर आत.’ तिसरं. ‘राजकन्या म्हणाली, तुझं खरं नाव.’

भिवाजीबुवा हसायला लागले. ‘काय नाव होतं मंग तिचं?’

‘रतनसिंगाले माहीत असन,’ भागिरथा म्हणाली. मंडळी हसली. ती हसली नाही. वाचतच राहिली. विहिरीत पडलेला पडलेलाच राहिला, चोर खिडकीत अडकलेला अडकलेलाच. हळूहळू हसणं थांबलं.

दौलतरावांनी हलक्या आवाजात समजावलं, अगं, तू नाही का अर्ध्या पुस्तकावरच वाचाले शिकली. त्यावर ती म्हणाली की शिकले, आणि सात-आठ वर्षं पोरांसमोर खोटं बोलले. पोरं खरं काय झालं विचारायची आणि आपल्याजवळ उत्तर नव्हतं. कपाटात सगळं असंच भरलं, तर पोरांना वाटेल पुस्तक असंच असतं, मध्येच संपणारं; आणि शेवट दुसऱ्या कोणाच्या घरी असतो.

‘पन कपाट रिकामं दिसन ना,’ उकंडराव चिडले. ‘तुह्या ह्या चार पुस्तकानं काय होते?’

‘चार पोट्टे पुरं पुस्तक वाचतीन. पुढच्या साली आठ.’

‘पुस्तकाले नाही म्हनाचं नाही. आमाले पाटीले हात लावू देत नव्हते तवा आमी रस्त्यावरचा कागद उचलून वाचला. आता चालून आलं तं तू नखरे करून राह्यली?’

आता मला वाटलं, ही गप्प बसेल. कारण ते खोटं नव्हतं. उकंडराव रात्रशाळेत शिकले होते, अक्षराखाली बोट ठेवून वाचायचे.

भागिरथा उठून उभी राहिली. मला तिने बाजेवरून उचललं. आवाज चढवला नाही.

‘मोठेबाबा, तुमी दर साली सांगता ना, छप्पन सालची, दीक्षा घेतली तवाची गोष्ट. दिवाळीनंतर पाटलाच्या घरी लग्न झालं. दर वेळेसारखं उरल्याचं टोपलं आलं. घरात माय उपाशी होती, मी तान्ही होती. तुमी टोपलं दारातूनच परत पाठोलं.’

उकंडरावांनी मान खाली घातली. ही गोष्ट सांगताना एरवी त्यांची मान ताठ व्हायची.

‘त्याच्यात अन्न होतंच की. पोळ्या होत्या, बुंदी होती. चालून आलं होतं. मंग काहून परत पाठोलं?’

अंगणात ढिगावरची पानं वाऱ्याने फडफडत होती.

‘दुसऱ्यानं वाचून उरलेलं मी कपाटात ठेवनार नाही. हे पोतंही टोपलंच हाय, मोठेबाबा. ते परत पाठवाचं.’

तिने मला उकंडरावांच्या गुडघ्यावर ठेवलं. आणि आत जाऊन जुनीला घेऊन उंबऱ्यात बसली.

भिवाजीबुवांनी पेला खाली ठेवला तो आवाज न करता. दौलतराव जमिनीकडे बघत होते.

आज मी त्या कपाटात असते, कव्हर काचेकडे करून. शेजारी फळी बरीच रिकामी आहे. कुलूप नाही. जुनी अजून भागिरथेच्या उशाशीच आहे आणि मी अजून जळते, ते सुटलेलं नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, माझ्यासारखी एखादी तुमच्या पेटीत बंद असेल, तर तिला बाहेर काढा. आणि शेवट ठाऊक असला, तरी सुरुवातीपासून वाचा.

कारण त्या सकाळी ते झालं. उकंडरावांनी खिशातून चष्मा काढला. हात धोतराला पुसला. मला सरळ धरलं, आणि पहिलं पान उघडलं. नदीखालच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. बोटाला तंबाखूचा चुना राहिला होता, माझ्या निळ्या पाण्यात पांढरा ठिपका उमटला. माझा पहिला डाग. ते बोट हळूहळू पुढे सरकलं, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

उंबऱ्यातून जुनीने ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असावं.

उकंडरावांनी पान उलटलं.